निविदेतच कंपनीचं नाव छापलंय, स्पर्धा आयोगाकडे जाता येतं का?

माळावरचा | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे भटकंतीचे धागे वाचून गुपचूप निघून जाणारा माणूस. आज स्वतःचं रडगाणं घेऊन आलोय.

आमची चार जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. पतसंस्था, ग्रामपंचायती, दोन छोट्या नगरपरिषदा अशी गिऱ्हाइकं. परवा जवळच्याच एका नगरपरिषदेची निविदा निघाली. (नाव घेत नाही, पुढेही याच भागात पोट भरायचंय.) मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची संगणक प्रणाली, पाच वर्षांच्या देखभालीसह. १४२ पानं. रात्री थर्मासभर चहा घेऊन वाचायला बसलो आणि ६३ व्या पानावर अडकलो.

डेटाबेस अमुक कंपनीचाच हवा, तोही अमुक आवृत्तीपासून पुढचा. अहवाल काढायचं साधन तमुक कंपनीचंच. 'किंवा समतुल्य' हे दोन शब्द अख्ख्या दस्तऐवजात नाहीत. वर मूळ उत्पादकाचं अधिकारपत्र जोडायचं आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल २५ कोटी दाखवायची. आमची उलाढाल इथे सांगत नाही, हसाल.

६४ व्या पानावरचा तांत्रिक तपशील ओळखीचा वाटला म्हणून शोधाशोध केली. एका विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला परिच्छेद जसाच्या तसा उचललाय. माहितीपत्रकात 'रिसीट' या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलंय. निविदेतही तीच चूक.

तर प्रश्न असा: स्पर्धा कायदा सरकारी खरेदीला लागू होतो का? मित्र म्हणतो, "सरळ दिल्लीला स्पर्धा आयोगाकडे तक्रार ठोक." ठोकू का? निविदापूर्व बैठक पुढच्या बुधवारी आहे.

खारूताई | सोमवार, रात्री १०:३१

तुमच्या प्रणालीत स्पेलिंग बरोबर असेल तर तांत्रिक छाननीत अपात्र ठराल. आधी ते चुकवून घ्या. (हलकेच घ्या.)

शंकासुर | सोमवार, रात्री ११:०५

मी नेहमीप्रमाणे उलट बोलतो. मला स्कूटर घ्यायचीय आणि मी ठरवलं की अमुकच कंपनीची घेणार. बाकीच्या कंपन्या माझ्यावर खटला भरणार का? गिऱ्हाईक आहे मी, मर्जी माझी. नगरपरिषदही गिऱ्हाईकच. तिच्याकडे त्याच डेटाबेसवर काम करणारी माणसं असतील, आधीची यंत्रणा त्यावरच असेल. खरेदी करणाऱ्यानं काय घ्यावं हे विकणाऱ्यानं ठरवायचं म्हणजे उलटी गंगा झाली.

शिवाय तुमची उलाढाल कमी आहे हा त्यांचा दोष कसा?

काळा कोट | मंगळवार, सकाळी ७:२०

कोर्टात जायच्या आधी चहा घेता घेता लिहितोय, त्यामुळे थोडं विस्कळीत होईल.

शंकासुर, तुम्ही गमतीत जे लिहिलंत, साधारण तेच स्पर्धा आयोग वर्षानुवर्षं गंभीरपणे लिहीत आलाय. निविदा काढणारा हा ग्राहक आहे, आपल्या गरजेप्रमाणे अटी घालायचा त्याला हक्क आहे, नुसत्या अटी जाचक आहेत म्हणून त्या स्पर्धाविरोधी ठरत नाहीत. अशा तक्रारी कलम २६(२) खाली, म्हणजे चौकशीचा आदेशही न होता, बंद झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

पण मूळ प्रश्नाचं उत्तर 'लागू होत नाही' इतकं सरळही नाही. २००२ च्या कायद्यात 'एंटरप्राइज'ची, म्हणजे कायदा ज्यांना लागू होतो त्या संस्थांची, व्याख्या कलम २(एच) मध्ये आहे आणि तिच्यात सरकारी खात्यांचा उल्लेख नाव घेऊन केलाय. वगळलीय ती फक्त सार्वभौम कामं. अणुऊर्जा, चलन, संरक्षण आणि अवकाश ही खाती त्यातच धरलीत. रेल्वेनं 'आम्ही सरकार, आम्हाला हा कायदा नाही' असं म्हणून पाहिलं होतं. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते फेटाळलं. कोल इंडियानं 'आमची मक्तेदारी कायद्यानंच दिलेली, लोककल्याणासाठी आहे' असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि जून २०२३ मध्ये तिथेही हरली.

नीट बघा, या दोन्ही प्रकरणांत सरकारी संस्था काहीतरी *विकत* होती किंवा सेवा देत होती. तुमची नगरपरिषद *घेतेय*. सगळी मेख तिथे आहे.

यावरचा जगभर चघळला जाणारा निवाडा स्पेनचा आहे, फेनिन. दवाखान्यांना उपकरणं आणि साहित्य पुरवणाऱ्या कंपन्यांची ती संघटना. स्पेनच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतल्या संस्था बिलं चुकवायला सरासरी ३०० दिवस लावायच्या. (आपल्याकडच्या कंत्राटदारांना यात विशेष काही वाटणार नाही.) संघटनेनं युरोपीय आयोगाकडे तक्रार केली की हा एवढा मोठा खरेदीदार आपल्या ताकदीचा गैरवापर करतोय. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि जुलै २००६ मध्ये अंतिम निकाल लागला. न्यायालय म्हणालं, खरेदी सुटी काढून बघायची नाही. घेतलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते बघा. इथे ती रुग्णांना मोफत सेवा द्यायला वापरली जाते, ते काम आर्थिक व्यवहार नाही, म्हणून त्यासाठीची खरेदीही आर्थिक व्यवहार नाही. स्पर्धा कायदा लागू नाही.

हाच निकष तुमच्या निविदेला लावा. मालमत्ता कर आकारणं हा काही धंदा नव्हे. घरपट्टीच्या सॉफ्टवेअरला फेनिन लावलं तर नगरपरिषद अलगद सुटते. त्याच गावाच्या परिवहन सेवेनं तिकिटांचं सॉफ्टवेअर घेतलं किंवा वीज विकणाऱ्या कंपनीनं बिलांचं घेतलं, तर उत्तर वेगळं येऊ शकतं, कारण पुढे विक्री आहे. खरेदीदार कोण यापेक्षा सॉफ्टवेअर कशासाठी, हे आधी विचारायचं.

दुपारी उरलेलं लिहितो. पुकारा झाला.

माळावरचा | मंगळवार, दुपारी १२:४८

वकीलसाहेब, दंडवत. पण फेनिन युरोपचं. आपल्या व्याख्येत 'अ‍ॅक्विझिशन' असा शब्द आहे ना, वस्तू मिळवणं? आणि कलम ४ मध्ये 'खरेदी किंवा विक्रीत' अन्याय्य अटी लादणं असं चक्क लिहिलंय. मी काल रात्री कायदा उघडून बसलो होतो. (बायको विचारतेय, नवीन परीक्षा कुठली?)

काळा कोट | मंगळवार, सायंकाळी ५:५५

शाब्बास. हा मुद्दा खरा आहे. आपला मजकूर युरोपपेक्षा रुंद आहे आणि खरेदीदाराला कलम ४ मधून आपोआप सूट नाही, असं मी कोर्टात छातीठोक मांडीन. पण तिथे दुसरी भिंत उभी आहे: वर्चस्व. कलम ४ गैरवापराबद्दल आहे आणि गैरवापर करायला आधी बाजारात दादागिरी असावी लागते. तुमची नगरपरिषद सॉफ्टवेअरच्या खरेदीदारांत कुठे बसते? देशभर शेकडो नगरपरिषदा, महापालिका, प्राधिकरणं तसलीच प्रणाली घेतात. एकीनं नाही घेतली तर तुम्ही दुसरीला विकू शकता. आयोगाचा पहिला प्रश्न हाच असेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

खरेदीदार खरोखरच मोजके असतात तेव्हा काय होतं ते गॅस सिलिंडरच्या प्रकरणात दिसलं. टाक्या बनवणारे ४० च्या वर, घेणाऱ्या तेल कंपन्या तीन. सगळ्यांनी जवळपास सारखे भाव दिले म्हणून आयोगानं बनवणाऱ्यांना दंड केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. मोजके खरेदीदारच बाजार चालवत असतील तर सारख्या भावावरून संगनमत सिद्ध होत नाही, असा सूर होता. खरेदीदाराची ताकद त्या निकालात ठसठशीत दिसते, पण ती विक्रेत्यांचा बचाव म्हणून.

राहिलं कलम ३(४). डेटाबेसची मालक कंपनी आणि नगरपरिषद यांच्यातला करार इतरांना बाहेर ठेवतो, असं म्हणता येईल का? २०२३ च्या दुरुस्तीनं तीही फट बुजवली: अंतिम ग्राहकाशी केलेल्या कराराला हे पोटकलम लागू नाही. नगरपरिषद प्रणाली पुढे विकत नाही, म्हणजे अंतिम ग्राहकच.

शंकासुर | मंगळवार, सायंकाळी ६:१०

म्हणजे मी बरोबर होतो. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

निवृत्त लेखापाल | मंगळवार, रात्री ९:०२

शंकासुर, स्क्रीनशॉट काढा, पण स्कूटरचं उदाहरण मागे घ्या. स्कूटर तुमच्या पैशाची. नगरपरिषदेचा पैसा घरपट्टी भरणाऱ्याचा. आणि स्कूटर विकून दुसरी घेताना जुन्या स्कूटरवाल्याची परवानगी लागत नाही. सॉफ्टवेअरचं तसं नाही, हे मी भोगलंय.

मी ३१ वर्षं नगरपरिषदांच्या लेखा विभागात काढली. एका ठिकाणी (नाव नको) जुन्या पुरवठादाराचा करार संपला, नवा आला. जुन्याकडे मालमत्तांच्या नोंदी मागितल्या. त्यानं दिल्या, पण पीडीएफमध्ये! दोन खोकी भरून छापील प्रती वर. करारात 'डेटा परत द्यावा' असं होतं. 'कुठल्या स्वरूपात' हे कुणी लिहिलंच नव्हतं. माझ्याच टेबलवरून तो करार गेला होता, म्हणून दोष दुसऱ्याला देत नाही.

पुढे मूळ फाइल मिळाली तर ती जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. तरुणांना कल्पना यायची नाही. त्या फॉन्टात अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असायची. साध्या पद्धतीनं बदल केला की वेलांटी आधी आणि अक्षर मागून. 'शिंदे' चं 'िशंदे' व्हायचं. रफार भलतीकडे, 'कर्वे' चं 'कवेर्'. अशा हजारो नावांच्या मागणी बिलांवर सही कोण करणार? तीन लिपिक आणि मी, दिवाळीच्या सुट्टीत बसून प्रत्येक वॉर्डाचं रजिस्टर समोर ठेवून नावं दुरुस्त केली. तोवर वसुली थांबली, ती थांबली म्हणून मार्चअखेरीला बोलणी मीच खाल्ली.

पुढच्या वर्षी टिप्पणी आली की जुन्याच पुरवठादाराला थेट काम द्यावं, 'कारण नोंदी त्याच्याच प्रणालीशी सुसंगत आहेत'. सभेत पाच मिनिटांत ठराव. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तेव्हा उत्तर काय द्यायचं? सुसंगत आहेत हे खरंच होतं. ती सुसंगती आम्हीच त्याच्या हाती दिली होती.

राइनकाठचा | मंगळवार, रात्री ११:४० (इकडे संध्याकाळ)

काका, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांवर युरोपीय न्यायालयाचा एक निकालच आहे, ९ जानेवारी २०२५ चा. चेक अर्थखात्यानं करप्रणालीसाठी १९९२ मध्ये आयबीएमशी करार केला. सॉफ्टवेअरचे हक्क कंपनीकडे. २०१६ मध्ये देखभालीचं काम निविदा न काढता पुन्हा तिलाच, कारण 'दुसरं कुणी करूच शकत नाही'. न्यायालयानं सांगितलं, ही कोंडी तुम्ही स्वतः निर्माण केली असेल तर तिचा आधार घेऊन स्पर्धा टाळता येणार नाही. आणि तिच्यातून परवडेल अशा रीतीनं बाहेर पडायची वाट मधल्या काळात होती का, तेही तपासलं जाईल.

हे स्पर्धा कायद्याखाली नव्हे, सार्वजनिक खरेदीच्या कायद्याखाली झालं, हे लक्षात घ्या. फेनिननं एक दार लावून घेतलं तरी युरोपात शेजारचं दार उघडं आहे आणि सॉफ्टवेअरवाले तिथूनच आत जातात.

धागाकर्त्यांच्या ६३ व्या पानासाठी तर जुनंच हत्यार आहे. हॉलंडमध्ये हवामानाच्या माहितीवर काम करणाऱ्या यंत्रणेच्या निविदेत 'युनिक्स' असं एका ठरावीक संगणक कार्यप्रणालीचं नाव लिहिलं होतं आणि पुढे 'किंवा समतुल्य' नव्हतं. युरोपीय आयोगानं हॉलंडला कोर्टात खेचलं. जानेवारी १९९५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की ते दोन शब्द हवेतच. इथल्या खरेदीवाल्यांना ते शब्द झोपेतही आठवतात.

मी राहतो त्या कोलोनची गोष्ट आणखी मजेदार. बर्लिननं अग्निशमन दलासाठी घेतलेलं गाड्या पाठवण्याचं सॉफ्टवेअर कोलोनला फुकट दिलं, बदल्यात दोघांनी सुधारणा एकमेकांना द्यायच्या. दुसऱ्या कंपनीनं आक्षेप घेतला. तुम्ही म्हणाल, फुकटात कसली स्पर्धा? मे २०२० मध्ये न्यायालय म्हणालं, बदल्यात सुधारणा मिळणार असतील तर तो फुकट नव्हे, करारच. सरकारी संस्थांनी आपापसात असं सहकार्य करायला हरकत नाही, पण त्यातून पुढच्या देखभालीत मूळ कंपनीला एकटीला फायदा मिळता कामा नये. प्रणालीचा मूळ कोड इतरांनाही बघायला मिळायला हवा.

खारूताई | बुधवार, सकाळी ८:१५

कोलोनवाले सुधारणा एकमेकांना देतात. आमच्या दोन नगरपरिषदा एकमेकींना टँकर देत नाहीत.

पण प्रश्न खराच आहे. आपल्याकडे राष्ट्रीय नागरी डिजिटल मिशन २०२१ ला आलं, त्याखाली सगळ्या शहरांना वापरता येईल अशी सामायिक प्रणाली आहे. तसं झालं तर माळावरच्यासारख्यांचं काय?

माळावरचा | बुधवार, सकाळी ९:३०

ताई, मला ते चालेल. कोड उघडा असेल तर ती बसवणं, गावाप्रमाणे बदलणं, शिकवणं, रात्री अकरा वाजता वसुली लिपिकाचा फोन उचलणं हे काम उरतंच, आणि ते आम्ही मोठ्या कंपन्यांपेक्षा बरं करतो. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं धोरण २०१५ पासून आहे, खुल्या मानकांचं २०१० पासून. ६३ व्या पानाच्या लेखकापर्यंत दोन्ही पोचलेली नाहीत एवढंच.

लेस्टरची काकू | बुधवार, दुपारी ३:२०

मी इथे एका शाळेच्या कार्यालयात काम करते, म्हणून विकणाऱ्याच्या बाजूचं सांगते. इथल्या शाळांत हजेरी, गुण, मुलांची सगळी माहिती एका प्रणालीत असते. त्यातली सर्वांत जास्त पसरलेली होती ती प्रणाली चालवणाऱ्या ईएसएस कंपनीनं २०२१ च्या शेवटी शाळांना वर्षाऐवजी तीन वर्षांचे करार पुढे केले. बदलायचं म्हटलं तर वेळच नव्हता; सत्राच्या मध्यावर कोण हजेरीची प्रणाली बदलतं? ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणानं एप्रिल २०२२ मध्ये चौकशी सुरू केली आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीकडून हमी घेतली: ज्या शाळांना जायचं होतं पण वेळ मिळाला नाही, त्यांना बारा महिन्यांनी बाहेर पडायची मुभा मागता येईल.

म्हणजे शाळेच्या *खरेदीला* स्पर्धा कायदा लागू होतो का, हे कुणी विचारलंच नाही. शाळेला *विकणाऱ्याला* लागू झाला. उत्तर आयर्लंडमधल्या एका आरोग्य ट्रस्टला खरेदीदार म्हणूनही स्पर्धा कायदा लागू होतो, असा निकाल २००२ साली लागला होता, वृद्धाश्रमांतल्या जागा घेण्यावरून. पण फेनिन आल्यावर त्या वाटेनं फारसं कुणी गेलं नाही, असं आमच्याकडचे वकील म्हणतात.

काळा कोट | बुधवार, रात्री ८:४४

काकूंनी दिशा बरोबर दाखवली. स्पर्धा कायद्यात सरकारी खरेदीदार बहुतेकदा पीडित असतो. भारतीय अन्न महामंडळाच्या २००९ च्या निविदेत धान्याला लावायच्या कीटकनाशक गोळ्यांचा भाव कंपन्यांनी एकच दिला, किलोला ३८८ रुपये. तक्रार महामंडळानंच केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संगनमत मान्य केलं. कोल इंडियाविरुद्ध गेलेल्यांत आपली महानिर्मिती, म्हणजे राज्याची वीजनिर्मिती कंपनी होती. आयोगानं आधी १,७७३ कोटी दंड लावला, फेरसुनावणीनंतर ५९१ कोटींवर आणला. पुण्यातलं प्रकरण तर घराजवळचं: महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत नावापुरत्या निविदा भरल्या गेल्याची माहिती नागरिक चेतना मंचानं आयोगाला दिली आणि २०१८ मध्ये संगनमत सिद्ध झालं.

तेव्हा माळावरचे, ६३ व्या पानासाठी आयोगाकडे जाऊ नका. निविदा उघडल्यावर मात्र डोळे उघडे ठेवा. अट एकाच कंपनीच्या डेटाबेसची असेल तर भरणारे तिघंही तिचेच अधिकृत विक्रेते असणार. तिघांच्या कागदांत तीच चूक, तीच वाक्यं, भावांत संशयास्पद अंतर दिसलं, तर ते कलम ३(३)(डी) चं, म्हणजे निविदेतल्या संगनमताचं काम आहे. तिथे खरेदीदार एंटरप्राइज आहे का हा वादच येत नाही. माहिती कुणीही देऊ शकतो, स्वतःचं नुकसान दाखवावं लागत नाही; हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. फक्त आता तीन वर्षांची मुदत आहे.

शंकासुर | बुधवार, रात्री ९:१०

मग ६३ व्या पानाचं काय करायचं? आयोग नाही म्हणता, उच्च न्यायालय म्हणाल. तिथे पण निविदांवरचा टाटा सेल्युलरचा निकाल आहेच की.

काळा कोट | बुधवार, रात्री ९:३५

आहेच. १९९४ पासून कोर्ट सांगतंय की आम्ही निर्णयाची पद्धत तपासू, निर्णय बरा की वाईट ते नाही. अटी ठरवायला सरकारला मोकळीक. पण एकाच्या मापानं शिवलेली अट ही पद्धतीतली खोट आहे, आणि स्पेलिंगच्या चुकीसकट उचललेला परिच्छेद यापेक्षा बोलका पुरावा मला वीस वर्षांत फारसा मिळालेला नाही. तरी कोर्ट शेवटी. आधी लेखी हरकत, कारण ती घेतली नसेल तर कोर्ट पहिलं तेच विचारतं.

निवृत्त लेखापाल | गुरुवार, सकाळी ६:५०

पत्र मी सांगतो. तोंडी बोलू नका; बैठकीचं इतिवृत्त त्यांना हवं तसं लिहिलं जातं. आदल्या दिवशी आवक-जावक विभागात पत्र द्या, आवक क्रमांकाचा शिक्का घ्या आणि ईमेलही करा.

केंद्राचे सामान्य वित्तीय नियम नगरपरिषदेला थेट लागू नाहीत, ते उद्धृत करून हसं करून घेऊ नका. राज्याच्या उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा खरेदी कार्यपद्धतीचा शासन निर्णय घ्या. कंपनीवर आरोप नको, मुख्याधिकाऱ्यांवर तर मुळीच नको. विचारायचं एवढंच: हा डेटाबेस का, त्यामागची टिप्पणी कुठे आहे, आणि तेच काम करणारा दुसरा चालेल का. स्पेलिंगचा उल्लेख करू नका, नुसती माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडा. बघणारा बघतो.

आणि दुसऱ्या पानावर, वेगळ्या परिच्छेदात: करार संपल्यावर नोंदी कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत, किती शुल्कात परत मिळणार? मूळ कोड कुणाकडे? हे तुम्हाला काम मिळवून देणार नाही, पण विचारा.

माळावरचा | पुढच्या आठवड्याचा शुक्रवार, रात्री १०:२०

अपडेट देतो. काकांच्या सांगण्याप्रमाणे मंगळवारी पत्र दिलं. आवक लिपिकानं शिक्का मारताना माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि काही न बोलता आत घेऊन गेला. बैठकीला आम्ही धरून चार कंपन्या होत्या. संगणक विभागाचे साहेब म्हणाले, "विचार करू."

आज शुद्धिपत्रक आलं. डेटाबेसपुढे 'किंवा समतुल्य' घातलंय. अहवालाच्या साधनाचं नाव काढलंय. ६४ व्या पानावरचं स्पेलिंग दुरुस्त केलंय, परिच्छेद तोच आहे. उत्पादकाचं अधिकारपत्र कायम. उलाढाल २५ ची १५ कोटी. म्हणजे आम्ही तरीही बाहेरच. एका मध्यम कंपनीबरोबर जोडीनं भरता येईल का ते बघतोय; संयुक्त निविदा चालते असं एका कलमात आहे.

काका, नोंदी परत देण्याबद्दलच्या प्रश्नाला उत्तरात एकच ओळ आहे: 'निविदा अटींप्रमाणे'. निविदेत तशी अट नाहीच.

शंकासुर | शुक्रवार, रात्री १०:४१

समतुल्य आलं, अभिनंदन. स्कूटरचं उदाहरण मागे घेतो. अर्धं.

निवृत्त लेखापाल | शनिवार, सकाळी ६:३५

मग अट नाही हेच पुन्हा लेखी कळवा आणि उत्तर मागा. मुदत संपायला किती दिवस आहेत? पत्राचा मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मी बघून देतो. अनामत रक्कम त्यानंतरच भरा.